घरात कोंकणी, लेखणीत कन्नड: नट गिरीश कार्नाड

गिरीश रघुनाथ कार्नाड यांचा जन्म १९ मे १९३८ रोजी माथेरानला झाला. वडील डॉ. रघुनाथ कार्नाड मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत होते. आई कृष्णाबाई या माहेरच्या मंकीकर. लहान वयात वैधव्य आले तेव्हा त्या पदरच्या मुलाला घेऊन परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी घराबाहेर पडल्या आणि पुढे त्यांची डॉक्टरांशी गाठ पडली. विधवेशी लग्न करणे त्या काळी ज्ञातीला मानवणारे नव्हते, त्यामुळे दोघांना विवाहासाठी काही वर्षे थांबावे लागले. घरात मुले झालेली असताना गिरीश यांच्या वेळी ‘आता पुरे’ असा विचार करून हे जोडपे पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले होते. बाई वेळेवर आल्या नाहीत. बराच वेळ वाट पाहून दोघे परत गेले, आणि तो विषय तिथेच संपला. कार्नाडांनी पुढे ‘आडाडता आयुष्य’ हे आत्मचरित्र लिहिले ते याच डॉक्टरीणबाईंना अर्पण केले.

घराची भाषा कोंकणी, चित्रापूर सारस्वतांची. या समाजाची मोठी वस्ती कारवार, होन्नावर, मंगळूर या पट्ट्यात. तिथे शाळा, कचेरी आणि बाजार कन्नडमध्ये, वरिष्ठ शिक्षण इंग्रजीत, आणि उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे मराठीही दाराशीच. कोंकणी उंबरठ्याच्या आतली. ज्याला बाहेर काही बोलायचे, लिहायचे किंवा रंगमंचावर उभे राहायचे असेल त्याला दुसरी कुठली तरी भाषा उचलावीच लागे. गुरुदत्त, श्याम बेनेगल, अनंत नाग आणि शंकर नाग ही सगळी माणसे कोंकणी घरांतून आली आणि दुसऱ्या भाषांत नावारूपाला आली, यामागे योगायोगापेक्षा हे कारण अधिक आहे. कार्नाडांच्या शिक्षणाची सुरुवात मराठीतून झाली, पुढचे शिक्षण कन्नड आणि इंग्रजीत. भाषा बदलणे त्यांना कधी साहस वाटलेच नाही.

वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब शिरसीला आले. शिरसी हे उत्तर कानड्यातले जंगलाने वेढलेले गाव. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या जिल्ह्याला एक जागा आहे. होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी १८४२ च्या सुमारास सांगलीला आली, त्यांचे खेळ संस्थानिकांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करण्याची आज्ञा विष्णुदास भाव्यांना झाली. त्यातून १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. पुढे मराठी संगीत नाटक बहरले तेव्हा कंपन्या हुबळी, धारवाड, बेळगावचे दौरे करू लागल्या आणि कन्नड कंपन्यांनी त्यांचे पाहून आपली नाटके बसवली. उसनवारी अशी दोन्ही बाजूंनी फिटली.

शिरसीच्या मुलाला रंगभूमीची दोन्ही रूपे पाहायला मिळाली. नाटक कंपनी आली की आईवडिलांबरोबर तिच्या मांडवात जायचे. तिथे विंगा, रंगवलेले पडदे आणि पेट्रोमॅक्सच्या बत्त्या. सुगी आटोपली की घरच्या नोकरांबरोबर यक्षगानाला जायचे. उघड्या माळावर एक मंच, मागे एक पडदा आणि मशालींचा हलता उजेड. खेळ रात्रभर चाले. बत्तीचा उजेड सगळीकडे सारखा पडतो. मशालीच्या उजेडात नटाचा चेहरा क्षणात दिसतो, क्षणात नाहीसा होतो. कार्नाडांनी आपल्या नाटकांविषयी लिहिताना हा फरक नोंदवला आहे. ते चौदा-पंधरा वर्षांचे होईपर्यंत कंपन्या बंद पडल्या आणि यक्षगान त्या पिढीच्या शिकणाऱ्या पोरांना जुनाट वाटू लागले.

त्याच सुमारास कुटुंब धारवाडला गेले. धारवाडची भाषिक गंमत निराळीच. कन्नडचे मोठे कवी द. रा. बेंद्रे तिथले, आणि त्यांच्या घरची भाषा मराठी. गावात जी. बी. जोशींची ‘मनोहर ग्रंथमाला’ होती. तिच्या माळ्यावर लेखक, समीक्षक जमत आणि नवे लेखन वाचून त्याची चिरफाड करत. कार्नाडांचे पहिले पुस्तक याच माळ्यावरून निघाले, आणि जवळपास साठ वर्षांनंतर शेवटचेही.

कर्नाटक कॉलेजातून १९५८ मध्ये गणित आणि संख्याशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला आले. तिथे इब्राहिम अल्काझींनी बसवलेले स्ट्रिंडबर्गचे ‘मिस ज्युली’ त्यांनी पाहिले. नाटकातल्या माणसांनी एकमेकांना सोलून काढावे तसे बोलणे त्यांना हादरवून गेलेच, पण त्याहून लक्षात राहिला तो उजेड. दिवा हळूहळू मावळत गेला आणि पुन्हा हळूहळू उजळला. कंदिलाच्या घरात वाढलेल्या मुलाला वीज म्हणजे बटण दाबले की लागणारी आणि दाबले की जाणारी वस्तू एवढेच ठाऊक होते. डिमर नावाचे यंत्र असते हे त्या रात्री कळले. मशाल, पेट्रोमॅक्स आणि डिमर एकाच माणसाने विशीच्या सुमारापर्यंत पाहावेत, असे नशीब भारतीय नाटककारांपैकी फार थोड्यांना लाभले.

ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि १९६० मध्ये ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात दाखल झाले. इंग्रजीत कविता लिहायच्या, परदेशात नाव काढायचे, असा बेत होता. निघण्याच्या धामधुमीत मात्र हातून एक नाटक उतरले, तेही कन्नडमध्ये. ते ‘ययाति’. परदेशी जाणारा मुलगा, त्याच्यावर हक्क सांगणारे वडीलधारे आणि मुलाचे तारुण्य मागून घेणारा राजा यांचा धागा त्यांना स्वतःलाही नंतरच उमगला. नाटक १९६१ मध्ये छापले गेले. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी त्याच्या दोनच वर्षे आधीची, पण दोन्ही कृतींची तोंडे दोन दिशांना आहेत. कार्नाडांनी महाभारतात नसलेली पुरूची बायको चित्रलेखा आणली आणि म्हाताऱ्या झालेल्या नवऱ्यापुढे तिला उभे केले.

ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्षपद भूषवून ते १९६३ मध्ये परतले आणि मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या कचेरीत नोकरीला लागले. ‘तुघलक’ १९६४ मध्ये आले. दिवसा प्रकाशकाची नोकरी आणि संध्याकाळी ‘मद्रास प्लेयर्स’ या इंग्रजी नाटके करणाऱ्या हौशी मंडळात काम, असा त्यांचा सात वर्षांचा क्रम होता. नट म्हणून त्यांची तालीम इथे झाली. गुरू नाही, नाट्यशाळा नाही, पगार नाही. भाषा इंग्रजी, गाव तमिळ आणि लिहिणे कन्नड.

याच मित्रमंडळातून ‘संस्कार’ हा चित्रपट निघाला. यू. आर. अनंतमूर्तींच्या १९६५ च्या कादंबरीवर पटकथा कार्नाडांनी लिहिली, दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी हे तेलुगू कवी, छायाचित्रणकार टॉम कोवन ऑस्ट्रेलियाचा, आणि नटसंच बहुतांश हौशी. अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, सगळे आचारविचार झुगारून राहिलेला नारणप्पा प्लेगने मरतो. त्याला अग्नी कोणी द्यायचा हा पेच गावातल्या विद्वानापुढे, प्राणेशाचार्यापुढे येतो. पोथ्या उलटून उत्तर सापडत नाही, देवळात कौल मिळत नाही आणि रानात नारणप्पाच्या चंद्रीच्या मिठीत आचार्यांचे सगळे ज्ञान गळून पडते. ही आचार्यांची भूमिका कार्नाडांनी केली. नारणप्पा झाले लेखक पी. लंकेश आणि चंद्री झाल्या स्नेहलता रेड्डी. मद्रासच्या सेन्सॉर मंडळाने चित्रपट अडवला, वरच्या पातळीवर तो सुटला, आणि १९७० चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. कन्नडला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

प्राणेशाचार्यात नट कार्नाडांचा पुढचा सारा साचा दिसतो. ताठ कणा, संथ आणि स्वच्छ उच्चार, हातवारे जवळजवळ नाहीत. चेहरा शिकलेल्या, सरळमार्गी माणसाचा. आणि त्या माणसापुढे अशी वेळ येते की त्याचे शिक्षण आणि सरळपणा दोन्ही अपुरे पडतात. रडण्या-ओरडण्याचे प्रसंग त्यांना फारसे साधत नसत, हेही खरे. पण सज्जन माणसाचा नाकर्तेपणा दाखवावा तर त्यांनीच.

नोकरी १९७० मध्ये सुटली, होमी भाभा शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढची काही वर्षे धावपळीची गेली. एस. एल. भैरप्पांच्या कादंबरीवर ब. व. कारंतांबरोबर त्यांनी ‘वंशवृक्ष’ दिग्दर्शित केला. दोघांना मिळून दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘काडू’ १९७३ चा. त्यात सत्यदेव दुबे यांच्या हिंदी नाटकांत गाजलेले अमरीश पुरी कन्नड बोलत उभे राहिले. ‘हयवदन’ १९७१ मध्ये आले आणि लवकरच मराठीत चिं. त्र्यं. खानोलकरांच्या शब्दांत विजया मेहतांनी ते बसवले. ‘तुघलक’ मराठीत आणले विजय तेंडुलकरांनी, आणि रंगमंचावर आणले अरविंद देशपांडे यांनी. नाटके भाषांतून अशी फिरत असताना त्यांचा लेखकही मागोमाग निघाला, पण नट म्हणून.

अशी वाट पूर्वीही मळलेली होती. बोलपटाच्या पहिल्या दशकात कोल्हापूर-पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने एकाच सेटवर मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या केल्या. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’ ही १९३७ ची जोडी, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ १९३९ ची. ‘माणूस’मधली मैना झालेल्या शांता हुबळीकर हुबळीकडच्याच. त्या पिढीतल्या कलावंताला दुसरी भाषा पोटासाठी शिकावी लागे, कंपनी सांगेल तशी. सत्तरच्या दशकात सरकारी अर्थसाह्य आणि चित्रपट महोत्सवांमुळे जो नवा सिनेमा आला त्याने नटाला राज्याराज्यांतून फिरवले. दिग्दर्शक हैदराबादचा, लेखक मुंबईचा, नट धारवाडचा आणि पैसा गुजरातच्या गवळ्यांचा, असा मेळ त्या काळात जमू शकला. कार्नाड आणि कारंतांनी ‘तब्बलियु नीनादे मगने’ हा चित्रपट हिंदीतही ‘गोधूली’ नावाने केला, अगदी प्रभातच्या रीतीने.

पैशाची ही गोष्ट शब्दशः खरी आहे. बेनेगलांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. कार्नाड त्यात डॉ. राव, खेड्यात सहकारी दूध संस्था काढायला आलेला पशुवैद्य. नावावरूनच कळते की माणूस बाहेरचा. दक्षिणेकडचा किंचित हेल असलेले त्यांचे हिंदी तिथे दोष न ठरता भूमिकेचा भाग झाले. गावकऱ्यांशी बोलताना डॉ. राव प्रत्येक शब्द जपून उच्चारतो. स्मिता पाटीलची बिंदू तोडून बोलते आणि त्याला गप्प करते. आदर्शवादाने भारलेला, पण गावातल्या जातींच्या गाठी सोडवू न शकलेला हा अधिकारी अखेर बदली होऊन जातो. संस्था उरते ती गावकऱ्यांच्या हाती.

त्याआधीच्या वर्षी ‘निशांत’ आला होता. पटकथा तेंडुलकरांची. जमीनदाराचे भाऊ मास्तरची बायको रात्री घरातून उचलून नेतात. शबाना आझमी ती बायको, कार्नाड तो मास्तर. गाव खिडक्या लावून घेतो. मास्तर पोलिसांकडे जातो, वकिलाकडे जातो, कलेक्टरकडे जातो, प्रत्येक ठिकाणी खुर्चीच्या टोकावर बसून आपले म्हणणे नीट, अदबीने मांडतो. त्या अदबीचीच चीड यावी अशी ती योजना आहे. पुढे तोच मास्तर पुजाऱ्याच्या मदतीने गावाला पेटवतो, आणि पेटलेला गाव कोणालाच सोडत नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालकपद कार्नाडांकडे १९७४-७५ मध्ये होते. तिथे अभिनयाच्या विद्यार्थ्यांचा संप झाला. संपात पुढे असलेला नसीरुद्दीन शाह संचालकांशी भांडत होता, आणि त्याच संचालकांनी बेनेगलांकडे ‘निशांत’साठी त्याचे नाव सुचवले. ही हकिगत शाह यांनीच सांगितली आहे. ‘भूमिका’च्या (१९७७) पटकथेत बेनेगल आणि दुबे यांच्याबरोबर कार्नाडही होते. चित्रपट हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेला, आणि पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार तिघांना मिळून.

मराठी पडद्यावर त्यांची लक्षात राहिलेली भूमिका म्हणजे ‘उंबरठा’ (१९८२) मधला वकील सुभाष महाजन. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. नायिका सुलभा महाजन सुखवस्तू घर आणि लहान मुलगी सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून परगावी जाते. तिचा नवरा वाईट नाही. आरडाओरडा करत नाही, हात उगारत नाही, बायकोला नोकरीला जाऊही देतो. ती परत येते तेव्हा तो शांतपणे सांगतो की मधल्या काळात दुसरी स्त्री आयुष्यात आली, आणि तो तो संबंध तोडणार नाही. कबुली देणारा नवरा अपराधी दिसेल की निगरगट्ट, हे नटावर होते. कार्नाडांनी त्याला समंजस ठेवले, आणि त्यामुळे सुलभाचे पुन्हा उंबरठा ओलांडणे अटळ झाले. सुलभा झालेल्या स्मिता पाटीलपुढे हा नवरा फिका पडतो अशी तक्रार त्या वेळच्या काहींची असेलही, पण तो फिका असणे ही त्या गोष्टीची गरज आहे. चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘सुबह’ नावाने निघाली.

मधल्या काळात मुंबईच्या मध्यममार्गी हिंदी सिनेमाने त्यांना सोबर नवऱ्याच्या आणि थोरल्या भावाच्या भूमिका दिल्या. बासू चटर्जींचा ‘स्वामी’ (१९७७) त्यातला सर्वांत चांगला. शशी कपूर निर्माते असलेला ‘उत्सव’ (१९८४) त्यांनी दिग्दर्शित केला. ‘मृच्छकटिक’वरचा हा देखणा आणि खर्चिक चित्रपट चालला नाही. शंकर नागला पडद्यावर आणले तेही त्यांनीच, १९७८ च्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’त. त्याआधी शंकर मुंबईच्या मराठी नाटकांत कामे करत होता. ऋण फिटले ते ‘मालगुडी डेज’मध्ये. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ही दूरदर्शन मालिका शंकरने आगुंब्याच्या पावसात चित्रित केली आणि कथांमधल्या स्वामी या मुलाचे वडील म्हणून कार्नाडांना घेतले. पुस्तकात डोके घातलेला, चष्म्यावरून पाहणारा, कडक पण मुलाच्या धाकाला आतून हसणारा बाप. सिनेमा न पाहणाऱ्या घरांतही ते ओळखीचे झाले ते या मालिकेमुळे. पुढे सोनाली कुलकर्णीला पहिली भूमिका मिळाली तीही त्यांच्या ‘चेलुवी’त.

दक्षिणेकडच्या इतर भाषांत त्यांचा वावर वेगळा होता. तेलुगू आणि कन्नडमध्ये निघालेल्या ‘आनंद भैरवी’त (१९८३) ते कुचिपुडीचे गुरू झाले. तमिळ दिग्दर्शक शंकर यांच्या ‘कादलन’मध्ये (१९९४) प्रभुदेवाच्या नाचापुढे ते राज्यपाल आणि खलनायक, आणि कमल हासनच्या ‘हे राम’मध्ये (२०००) एक अय्यंगार सासरा. मल्याळममध्येही त्यांनी कामे केली. परभाषिक नटाला दुसऱ्याचा आवाज देण्याची प्रथा तिकडे जुनी आहे, त्यामुळे या चित्रपटांत त्यांचे बळ चेहरा आणि देहबोली यांतच शोधावे लागते. आवाज हेच ज्याचे मुख्य भांडवल त्याच्या बाबतीत हा तोटाच. पण पैसे मिळत, आणि अभिनय हे चरितार्थाचे साधन असून आपले खरे काम नाटक लिहिणे आहे, हे त्यांनी कधी लपवले नाही. ‘नागमंडल’ (१९८८), ‘तलेदंड’ (१९९०) आणि ‘अग्नि मत्तु मळे’ ही नाटके या काळात लिहून झाली. १९९८ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते कन्नडच्या नावावर.

उतारवयात हिंदीने त्यांची आठवण पुन्हा काढली. नागेश कुकुनूरच्या ‘इक्बाल’मधला पैशाकडे पाहून खेळाडू निवडणारा क्रिकेटचा गुरुजी (२००५) आणि ‘डोर’मधला सुनेचा सौदा करायला निघालेला सासरा (२००६) यांत जुना सज्जन चेहरा त्यांनी उलटा करून वापरला. ‘एक था टायगर’मध्ये (२०१२) ते गुप्तहेर संघटनेचे प्रमुख झाले. सलमान खानच्या प्रेक्षकांपैकी कितींना ‘तुघलक’ माहीत होते कोण जाणे. त्या भूमिकेचे नाव मात्र डॉ. शेणॉय. इतक्या भाषांतून फिरून आलेल्या नटाला हिंदी सिनेमाने शेवटी कोंकणी आडनाव दिले.

भाषेचा हा सगळा गुंता त्यांनी एकदा नाटकाचाच विषय केला. ‘ओडकलु बिंब’ (२००५) या एकपात्रीत मंजुळा नायक ही कन्नड लेखिका इंग्रजीत एक कादंबरी लिहून जगभर गाजते. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत भाषण संपवून निघताना पडद्यावरची तिची स्वतःची प्रतिमा तिला अडवते आणि उलटतपासणी घेऊ लागते: मातृभाषा का सोडलीस, आणि ती कादंबरी तुझीच का? नाटक कन्नड आणि इंग्रजी दोन्हींत झाले. कन्नडमध्ये मंजुळा झाल्या अरुंधती नाग, ज्यांची स्वतःची सुरुवात मुंबईच्या मराठी, गुजराती आणि हिंदी नाटकांत झाली होती. इंग्रजीत शबाना आझमी.

शेवटच्या वर्षांत फुप्फुसाच्या आजारामुळे नाकाशी प्राणवायूची नळी लावून ते सभांना येत. विजयनगरच्या पाडावावरचे ‘राक्षस तंगडी’ हे नाटक २०१८ मध्ये धारवाडच्या त्याच ग्रंथमालेने छापले. १० जून २०१९ रोजी बेंगळुरूच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. सरकारी इतमाम नको, धार्मिक विधी नकोत, असे त्यांनी सांगून ठेवले होते, आणि त्याच दिवशी तसेच दहन झाले.